मुक्कामाच्या जागेवरची वीज आणि आपली मोटरहोम : नेमके काय बसवावे?

गोदाकाठचा फिरस्ता :

नमस्कार. निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी एक जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची मोटरहोम करून घेतली. छतावर ४०० वॅटचे सौर पॅनेल, आत १२.८ व्होल्ट २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर-चार्जर, एक टनाचा एसी, मायक्रोवेव्ह आणि बॅटरीवरच चालणारा छोटा फ्रिज एवढा संसार आहे. भंडारदरा, सापुतारा, अगदी दिवेआगरपर्यंत जाऊन आलो, पण विजेने कधी त्रास दिला नाही. जे झाले ते नाशिकच्या घरापासून जेमतेम तीस किलोमीटरवर, दिंडोरीच्या बाजूच्या एका द्राक्षबागेत.

जानेवारीची कडाक्याची रात्र होती, बागेतील मुक्कामाच्या सगळ्या खोल्या भरलेल्या होत्या आणि आमच्या गाडीला खोल्यांच्या मागच्या भिंतीवरील १६ अँपिअरच्या सॉकेटमधून वीज दिलेली होती. पावणेदहाच्या सुमारास सौभाग्यवतींनी गरम पाण्याच्या पिशवीसाठी किटली लावली, तर ती नेहमीपेक्षा कितीतरी जोरात खळखळू लागली. मी उठून पाहीपर्यंत सर्ज प्रोटेक्टर असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डातून धूर आला आणि मायक्रोवेव्हचे घड्याळ विझले. मल्टिमीटर काढून भिंतीवरच्या शेजारच्या सॉकेटमध्ये घातला, तर आकडा ३१८ व्होल्ट. पिन टॉप, म्हणजे प्लग, ओढून काढला, पण तोपर्यंत चार्जर, मायक्रोवेव्हचे कार्ड आणि बंद असलेल्या, पण मेन चालू ठेवलेल्या एसीचे कार्ड गेले होते. बॅटरीवरचे दिवे आणि फ्रिज मात्र जणू काही घडलेच नाही अशा थाटात चालू होते. दुरुस्तीला चौतीस हजार रुपये लागले.

दुरुस्ती करणाऱ्याने तो बोर्ड उघडून दाखवला. आत निळ्या रंगाची चण्याच्या डाळीएवढ्या जाडीची एक चकती मधोमध फुटून काळी पडली होती आणि तिच्यावर १४डी४३१के अशी अक्षरे कशीबशी वाचता येत होती. माझा प्रश्न असा की सर्ज प्रोटेक्टर असूनही हे का झाले, आणि आता मी पाच केव्हीएचा स्टॅबिलायझर घ्यावा, की अधिक चांगला सर्ज प्रोटेक्टर, की आणखी काही? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.


सातपूरचा वायरमन :

मी सत्तावीस वर्षे सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत विजेची देखभाल केली आहे, त्यामुळे तुमची हकीकत वाचून आधी एकच प्रश्न विचारतो. त्याच वेळी खोल्यांतील लोकांची तक्रार होती का, की गिझर तापत नाही आणि दिवे मिणमिणतात?


गोदाकाठचा फिरस्ता :

होय! तुम्ही तिथे होतात की काय? दोन खोल्यांतील मंडळी थंड पाण्याबद्दल मालकाशी भांडत होती आणि स्वयंपाकघरातील आचारी म्हणत होता की त्याचा दिवा समईसारखा झाला आहे.


सातपूरचा वायरमन :

मग निदान पक्के झाले. तिथे थ्री फेज मीटर असून खोल्या आणि तुमचे सॉकेट वेगवेगळ्या फेजवर होते, आणि सगळ्यांचा सामाईक न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, कुठेतरी सुटला किंवा सैल झाला. न्यूट्रल शाबूत असतो तोवर प्रत्येक फेजवर २३० व्होल्ट मिळतात. तो तुटला की दोन फेजवरची उपकरणे एकामागोमाग एक, सिरीजमध्ये, जोडली जातात आणि दोन फेजमधील जवळजवळ ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ही वाटणी मात्र न्यायाची नसते. ज्याचा लोड मोठा त्याच्या वाट्याला कमी व्होल्टेज येते आणि ज्याचा लोड लहान त्याच्या वाट्याला जास्त. तिकडे दोन हजार वॅटचे तीन गिझर, म्हणजे ६००० वॅट, आणि इकडे तुमची १५०० वॅटची किटली असे धरले, तर प्रमाण चारास एक होते. गिझरना ८० व्होल्ट आणि तुम्हाला ३२०. तिसऱ्या फेजमुळे हिशेब थोडा हलतो, पण तुमच्या मीटरने दाखवलेले ३१८ याच जातीचे आहेत. किटलीचेही बरोबर आहे, कारण ३१८ व्होल्टवर ती जवळजवळ दुप्पट वॅट खाते.

आता निळ्या चकतीविषयी. तिला एमओव्ही म्हणतात आणि ४३१ याचा अर्थ ती ४३० व्होल्टच्या आसपास वाहू लागते. २३० व्होल्टच्या लाइनचे शिखर ३२५ असते, तेव्हा चकती स्वस्थ बसते. ३१८ व्होल्टचे शिखर ४५० होते, म्हणजे चकती सेकंदाला शंभर वेळा वाहू लागली. वीज कडाडली किंवा मोठी मोटार बंद झाली की येणारा क्षणभराचा झटका गिळणे हे तिचे काम आहे. तिला मिनिटभर सतत वाढीव व्होल्टेज गिळायला लावले तर ती तापून फुटणारच. सर्ज प्रोटेक्टर बिघडला नाही. त्याला न जमणारे काम त्याच्या गळ्यात पडले.


एकोळी :

म्हणजे शेजाऱ्यांच्या आंघोळीने काकांचा एसी जळला. शेजारधर्म आता पूर्वीसारखा राहिला नाही हेच खरे.


निफाडची बाग :

मी स्वतः द्राक्ष बागायतदार आहे आणि दोन वर्षांपासून बागेत मुक्कामाची सोय करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मळ्यातील वीज ही शहरातील वीज नव्हे. आमच्याकडे गावठाणाचा फीडर वेगळा आणि शेतीचा वेगळा असतो, शेतीला थ्री फेज ठरावीक तासच मिळते, आणि ती आली रे आली की शिवारातील सगळे ऑटो, म्हणजे वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारी यंत्रे, एकदम पडतात. एका रोहित्रावर पंधरा-वीस मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की व्होल्टेज १६० पर्यंत खाली बसते आणि थ्री फेज गेली की एकदम वर उसळते. निफाडच्या थंडीत पहाटे बागेला पाणी सोडावे लागते, त्यामुळे पहाटेची वेळ सर्वांत वाईट. त्यातच काहीजण सिंगल फेजवर कंडेन्सर लावून मोटार चालवतात, तेव्हा फेजांचे संतुलन पार बिघडते.

अशा लाइनीवर पाहुणे एक टनाचा एसी, इंडक्शन शेगडी आणि किटली एकदम लावतात आणि व्होल्टेज कमी मिळते म्हणून आमच्यावरच रागावतात. न्यूट्रल सैल राहणे ही मालकाची चूक आहे हे मान्य, परंतु पाहुण्यानेही आपल्या गाडीचा लोड किती आहे हे आल्या आल्या सांगावे. मग कुठल्या सॉकेटवर लावायचे ते आम्ही ठरवू शकतो. माझ्या घराची लाइन गावठाणाची आहे. विचारले तर मी तीच देतो.


परदेशस्थ पंचवटीकर :

मी अमेरिकेत राहतो आणि दर उन्हाळ्यात मोटरहोम घेऊन फिरतो. इकडे कॅम्पग्राउंडवर प्रत्येक जागेला विजेचा खांब असतो, त्यावर १२० व्होल्टचे ३० अँपिअरचे किंवा १२०/२४० व्होल्टचे ५० अँपिअरचे सॉकेट असते. न्यूट्रल तुटण्याचा प्रकार इथेही ५० अँपिअरच्या जोडणीत होतो, कारण तिथे १२० व्होल्टच्या दोन बाजूंना एकच न्यूट्रल असतो. म्हणून इथले अनुभवी लोक खांब आणि गाडी यांच्यामध्ये ईएमएस नावाची पेटी लावतात. ती आधी काही वेळ नुसती तपासते : व्होल्टेज १०४ ते १३२ च्या आत आहे का, अर्थ, म्हणजे जमिनीला जोडलेली तार, आहे का, फेज-न्यूट्रल उलटे तर नाहीत ना. सगळे ठीक असेल तरच वीज गाडीत सोडते आणि पुढे बिघाड झाला तर तोडते. नुसता सर्ज प्रोटेक्टर स्वस्त असतो आणि नवखे लोक तोच घेऊन फसतात, हे इथेही तंतोतंत तसेच आहे.

आणखी एक गंमत, म्हणजे दुरून पाहणाऱ्याला गंमत. घरी मोटरहोमसाठी सॉकेट बसवून घेताना इलेक्ट्रिशियन कधी कधी १२० व्होल्टच्या ३० अँपिअरच्या सॉकेटला कपडे वाळवायच्या यंत्राचे समजून २४० व्होल्ट जोडतो आणि पहिल्याच दिवशी गाडीतील सगळी उपकरणे जळतात. कृपया इथल्या पेट्या भारतात मागवू नका. त्या १२० व्होल्टच्या हिशेबाने बनवलेल्या असतात.


लिथियमवाला :

मला वाटते की आपण सगळे चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देत आहोत. बाहेरची वीज गाडीतील उपकरणांपर्यंत जाऊच का द्यायची? फिरस्ताकाकांच्या हकिकतीतच उत्तर आहे : जे बॅटरीवर होते ते वाचले. मी माझ्या गाडीत बाहेरच्या विजेवर एकच वस्तू ठेवली आहे, ती म्हणजे ९० ते २६४ व्होल्टवर चालणारा ३० अँपिअरचा चार्जर. बाकी सगळे इन्व्हर्टरमधून चालते. चार्जर बाहेरून जेमतेम दोन-सव्वादोन अँपिअर घेतो, त्यामुळे मळ्याची कितीही कमजोर लाइन असली तरी चालते, आणि उद्या न्यूट्रल गेलाच तर एक चार्जर जळेल, संसार नाही.


सातपूरचा वायरमन :

लिथियमवाले, विचार उत्तम आहे आणि ज्यांना एसी लागत नाही त्यांनी तोच करावा. पण एसीचा हिशेब मांडा. इन्व्हर्टर एसी रात्रभर सरासरी ७०० वॅट धरला तरी आठ तासांचे ५.६ युनिट होतात आणि काकांच्या बॅटरीत अडीच युनिट आहेत. तुमचा चार्जर तासाला ४०० वॅट परत भरेल, म्हणजे आठ तासांत आणखी सव्वातीन. मे महिन्यात पहाटेपर्यंत बेरीज कशीबशी जुळेल, पण इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरली की तीही तुटते.

काकांनी स्टॅबिलायझरविषयी विचारले होते. स्टॅबिलायझर व्होल्टेज निर्माण करत नाही, जास्त करंट ओढून व्होल्टेज चढवतो. १५०० वॅटच्या लोडला २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर लागतात. बाहेर १७० व्होल्ट असतील तर स्टॅबिलायझर बाहेरून जवळजवळ नऊ अँपिअर ओढणार, त्यामुळे लांब वायरीवर व्होल्टेज आणखी पडणार. शिवाय ठरावीक मर्यादेवरच्या व्होल्टेजला तो स्वतःच बळी पडू शकतो. म्हणून पहिली वस्तू म्हणजे ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले. व्होल्टेज २६० च्या वर किंवा १८० च्या खाली गेले की तोडणारा आणि पुन्हा नीट झाल्यावर तीन मिनिटे थांबून जोडणारा असा घ्यावा. तीन मिनिटे एसीच्या कॉम्प्रेसरसाठी आहेत, कारण लगेच सुरू केला तर तो दाबाखाली अडकतो. रिले घेताना तो ४०० व्होल्ट सहन करतो का हे त्याच्यावर वाचून घ्यावे; न्यूट्रल गेल्यावर तेवढे येऊ शकतात. त्यानंतर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच तोडणारी कळ, आणि एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की तोडणारी कळ, डीपी, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी, घ्यावी, एसपी, म्हणजे एकपदरी, नव्हे, कारण मळ्यातील निम्म्या सॉकेटांत फेज आणि न्यूट्रल उलटे असतात आणि तेव्हा एकपदरी एमसीबी न्यूट्रल तोडते, फेज तशीच राहते. सर्ज प्रोटेक्टर यांच्यासोबत जरूर असावा, त्याची जागा तीच आहे.


एकोळी :

डीपी बसवा म्हणालात तेव्हा क्षणभर घाबरलो. आमच्या गावी डीपी म्हणजे रोहित्र. ते गाडीच्या कुठल्या कप्प्यात बसवायचे याचा विचार करत होतो.


अंजनेरीची लेक :

धागा वाचून आमचा प्रसंग सांगावासा वाटला, कारण आमच्याकडे काहीच जळले नव्हते आणि तरीही तो यापेक्षा वाईट होता. गेल्या पावसाळ्यात घाटमाथ्यावरील एका मुक्कामी सकाळी आई अनवाणी गाडीतून उतरत होती. एक पाय ओल्या गवतावर टेकवून तिने दाराची कडी धरली आणि ओरडून हात मागे घेतला. सुदैवाने झिणझिण्यांवर भागले. आमच्या गाडीत आरसीसीबी आहे, मी दर महिन्याला तिचे टेस्ट बटणही दाबते, आणि तरी ती पडली नाही, म्हणजे तिने वीज तोडली नाही. जागेच्या इलेक्ट्रिशियनने सॉकेट उघडले तेव्हा आत अर्थच्या पिनेवरून न्यूट्रलला एक छोटा झंपर, म्हणजे जोडतार, मारलेला होता. तो म्हणाला की अर्थिंग नव्हते म्हणून असे केले आहे, सगळीकडे असेच करतात. दादा, आरसीसीबी का पडली नाही हे मला आजवर कोणी नीट सांगितलेले नाही.


सातपूरचा वायरमन :

ताई, आई वाचल्या हे फार मोठे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी थोडे सावकाश देतो, कारण यात चांगले चांगले इलेक्ट्रिशियन चुकतात.

आरसीसीबी फक्त एवढेच पाहते की फेजमधून जितका करंट आत गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला की नाही. तफावत ३० मिलिअँपिअरपर्यंत गेली की ती पडते. तुमच्या सॉकेटात झंपर होता आणि त्याच्या मागे कुठेतरी न्यूट्रल सैल होता. मग करंटचा प्रवास असा झाला : फेजमधून गाडीत, फ्रिज किंवा चार्जरमधून न्यूट्रलमध्ये, आरसीसीबीमधून परत बाहेर सॉकेटपर्यंत, तिथून झंपरवरून अर्थच्या वायरीत, त्या वायरीने पुन्हा गाडीच्या पत्र्यावर, आणि पत्र्यावरून आईंच्या हातातून ओल्या जमिनीत. आरसीसीबीच्या दृष्टीने जितके गेले तितके परत आले. अर्थची वायर तिच्यातून जात नाही, म्हणून ती आंधळी राहिली. घरात भिंती आणि फरशी असते, इथे गाडी रबरी टायरांवर उभी असते, म्हणजे पत्र्यावर आलेल्या विजेला जमिनीत जायला माणसाखेरीज वाट नसते.

हा झंपर ओळखायचा कसा? बाजारातील तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर याला सर्व ठीक असेच म्हणतो. मल्टिमीटरने फेज ते अर्थ मोजले तरी २३० दिसतील. मी असे करतो : न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज मोजतो आणि त्याच बोर्डावर किटली चालू करतो. अर्थ वेगळे असेल तर किटलीच्या करंटने न्यूट्रलवर एक-दोन व्होल्ट वाढलेले दिसतात. आकडा शून्यावरून हललाच नाही तर मला झंपरची शंका येते आणि मी मालकाला सॉकेट उघडायला सांगतो.


नवखा चालक :

आरसीसीबी आणि ईएलसीबी एकच ना? आणि अर्थिंग चांगले आहे की नाही हे मल्टिमीटरने कळत नसेल तर कशाने कळते?


सातपूरचा वायरमन :

बोलताना लोक दोन्हींना ईएलसीबी म्हणतात, दुकानात मात्र आरसीसीबी ३० मिलिअँपिअर असेच मागा.

मल्टिमीटर इतका कमी करंट घेतो की अर्थची वायर जमिनीत नुसती लोंबकळत असली तरी तो २३० दाखवतो. जुने मिस्त्री शंभर वॅटचा बल्ब होल्डरमध्ये लावून फेज आणि अर्थमध्ये धरतात. बल्ब लख्ख पेटला तर अर्थिंग आहे, मिणमिणला तर नावापुरते आहे. मागे आरसीसीबी असेल तर ती लगेच पडेल, आणि ती पडली तर उलट आनंद माना. मात्र एक गंभीर सूचना : अर्थ तुटलेले असेल तर या चाचणीने त्या वायरीवर जोडलेल्या प्रत्येक पत्र्यावर वीज येते, म्हणून गाडी जोडण्यापूर्वी, कोणी कशाला हात लावलेला नसताना आणि माहीतगारानेच ती करावी.

आपल्याकडे खाली काळा कातळ आणि वर मुरूम, त्यात उन्हाळा, त्यामुळे अर्थिंगचा रोध २० ओहम निघाला तरी चांगलेच म्हणायचे. २० ओहमवर २३० व्होल्टने साडेअकरा अँपिअर वाहतात, म्हणजे १६ अँपिअरची एमसीबी जन्मात पडणार नाही आणि पत्रा जिवंत राहील. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी क्षणात पडेल. म्हणून तिच्याशिवाय गाडी जोडूच नका असे मी सांगतो.


अंजनेरीची लेक :

दादा, मनापासून आभार. आता पहिल्यांदा समजले. मग जिथे झंपरची शंका आहे तिथे काय करायचे? जागाच सोडायची का?


सातपूरचा वायरमन :

जागा सोडणे उत्तमच. नाहीतर त्या सॉकेटची अर्थ पिन आपल्या गाडीपर्यंत येऊ द्यायची नाही आणि स्वतःची सळई जमिनीत ठोकून तिचे अर्थ गाडीच्या पत्र्याला द्यायचे. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला १६६७ ओहमपर्यंतचे अर्थ पुरते, कारण तिथेही पत्र्यावरचे व्होल्टेज ५० च्या वर जाण्याआधी ती पडते. मुरमात ठोकलेली मीटरभर सळई पाणी घातल्यावर यापेक्षा पुष्कळ चांगली निघते. ही जोडणी माहीतगाराकडून कायमची करून घ्या. दर मुक्कामी वायरी उपसू नका.


निफाडची बाग :

सळई ठोकण्याआधी मालकाला विचारा, एवढी कळकळीची विनंती आहे. गेल्या हंगामात एका पाहुण्याच्या तंबूच्या खुंटीने माझी ठिबकची मेन नळी फुटली होती आणि दोन ओळींना दिवसभर पाणी मिळाले नाही.


घोटीचा घाटरस्ता :

वायरीविषयी कोणीच बोलले नाही, म्हणून माझी फजिती सांगतो. ३० मीटरची दीड चौरस मिलिमीटरची वायर गुंडाळलेल्या रिळासकट विकत घेतली होती. गाडी सॉकेटपासून पाच मीटरवर, म्हणून उरलेली २५ मीटर वायर रिळावरच ठेवून एसी आणि किटली चालवली. तासाभराने प्लास्टिकचा वास आला. रिळ हातात धरवेना आणि आतल्या थरांतील वायरी एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. नंतर हिशेब केला, तर त्या ३० मीटरच्या जाण्या-येण्याचा रोध ०.८ ओहम होतो, १२ अँपिअरवर साडेनऊ व्होल्ट पडतात आणि ११५ वॅटची उष्णता होते, तिच्यातील बहुतेक त्या गुंडाळीत कोंडली जाते. शंभर वॅटचा बल्ब गोधडीत गुंडाळून ठेवल्यासारखेच. आता चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली आहे, साडेतीन व्होल्टच पडतात, आणि ती पूर्ण उलगडून आठ आकड्यासारखी जमिनीवर पसरतो. टोकांना साधे पिन टॉप न लावता निळे इंडस्ट्रियल प्लग लावले आहेत, कारण सैल सॉकेटात पिन टॉप वितळतो.


परदेशस्थ पंचवटीकर :

निळ्या प्लगला माझे अनुमोदन. युरोपमध्ये कॅम्पसाइटवर तोच १६ अँपिअरचा निळा प्लग चालतो. तिथे अनेक ठिकाणी प्रत्यक्षात सहा किंवा दहा अँपिअरच देतात, त्यामुळे आपण काय काय लावले आहे याचा हिशेब तिथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेला असतो. निफाडकरांचा लोड सांगण्याचा मुद्दा त्यामुळेच मला पटला.


नवखा चालक :

२०२७ च्या सिंहस्थात गाडी घेऊन तपोवनाच्या बाजूला राहायचा विचार आहे. तिथे तात्पुरत्या जोडण्या आणि जनरेटर असतील. काय काळजी घ्यावी?


सातपूरचा वायरमन :

तात्पुरत्या जोडणीत सांधे जास्त आणि प्रत्येक सांधा म्हणजे सैल न्यूट्रलची शक्यता, त्यामुळे रिलेशिवाय जाऊ नका. जनरेटरचे वेगळे दुखणे असते. लहान जनरेटरचा न्यूट्रल अनेकदा अर्थला जोडलेलाच नसतो; मग फेज ते अर्थ मोजले तर ११५ च्या आसपास काहीतरी विचित्र आकडा दिसतो आणि आरसीसीबीच्या पडण्याचा भरवसा राहत नाही. मोठा लोड सुटला की जनरेटर क्षणभर पळतो आणि व्होल्टेज उसळते. लाइन जाऊन जनरेटर सुरू होत असताना तुमचा रिले तीन मिनिटे थांबतो, ते तुमच्या पथ्यावरच पडते. अशा गर्दीत मी तर लिथियमवाल्यांचेच ऐकेन : एसी विसरा, फक्त चार्जर लावा.


लिथियमवाला :

वायरमनदादांनी माझे ऐकेन म्हटल्याची मी वाचनखूण साठवली आहे.


गोदाकाठचा फिरस्ता :

तीन आठवड्यांनी परत येत आहे. सर्वांचे आभार. अंबडला पॅनेल बनवणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडून पेटी करून घेतली : आधी ४०० व्होल्ट सहन करणारा रिले, मग सर्ज प्रोटेक्टर, मग आरसीसीबी आणि डीपी एमसीबी. सारा खर्च साडेसहा हजारांच्या आत झाला, म्हणजे चौतीस हजारांच्या दुरुस्तीच्या पाचव्या हिश्शात. स्टॅबिलायझर रद्द केला. लिथियमवाल्यांचा अर्धा सल्ला घेतला : एसी आणि किटली पेटीतून थेट चालतात, बाकी सगळे इन्व्हर्टरवर. वायर चार चौरस मिलिमीटरची घेतली.

मग मुद्दाम त्याच द्राक्षबागेत गेलो. मालकाने आधीच न्यूट्रल दुरुस्त करून घेतला होता आणि काढलेला लग, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबलेला धातूचा तुकडा, त्याने डब्यात जपून ठेवला होता, मला दाखवण्यासाठी. अॅल्युमिनियमच्या वायरीला तांब्याचा लग दाबलेला, मध्ये पांढरी बुरशीसारखी पूड आणि एका बाजूने वायरीचे पदर जळून राखाडी झालेले. मी बोटाने हलवला तर वायर सरळ बाहेर आली. सात पदरांपैकी दोनच धरून होते. मालक दिलगीर होता. मीही सांगितले की मी लोड न सांगता किटली लावली होती.

रात्री रिलेच्या आकड्यांकडे पाहत बसलो. दहा वाजता २२६, मध्यरात्री २४१, आणि पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी खट्ट आवाज आला, आकडा १७२. निफाडच्या बागेने लिहिलेले ऑटो पडण्याचे प्रकरण अगदी बिछान्यातून अनुभवले. वीस मिनिटांत तो आणखी दोनदा पडला. आता शंका एवढीच की खालची मर्यादा १८० वरून १७० करावी का? सौभाग्यवतींची झोप त्या खट्ट आवाजाने मोडते.


सातपूरचा वायरमन :

त्या रात्री एसी चालू होता का? नसेल तर १७० चालेल, इन्व्हर्टर-चार्जरला फरक पडत नाही. एसी चालू असताना मात्र १८० च्या खाली नेऊ नका, कारण जुन्या पद्धतीच्या कॉम्प्रेसरची मोटार कमी व्होल्टेजला जास्त करंट ओढून तापते. पेटी झोपायच्या जागेपासून लांब, मागच्या कप्प्यात न्या. पण तिथे हवा खेळती ठेवा आणि वर कपडे कोंबू नका.


गोदाकाठचा फिरस्ता :

एसी बंद होता. मर्यादा १७० करतो आणि पेटी उशाकडून पायथ्याकडे नेतो.


निफाडची बाग :

काका, पुढच्या खेपेला आमच्याकडे या. गावठाणाच्या लाइनीवरचे सॉकेट तुमच्यासाठी राखून ठेवतो, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणीही घालून ठेवतो. फक्त येण्याआधी एसी आणणार की नाही ते कळवा.